कात्रीची मतपेटी

"ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा," असं बैठकीत कुणी म्हणालं, की कात्रीचं तोंड बघण्यासारखं होतं. कपाळाला आठ्या, ओठ घट्ट, आणि मग तो ठरलेला प्रश्न, "चिठ्ठी टाकून का नको?" राहत्या इमारतीच्या समितीत ती आहे, शाळेत शिक्षकांच्या समितीत आहे, आणि जिना कोणत्या रंगात रंगवायचा एवढा किरकोळ विषय असला तरी हिचं हेच. शेजारचे आजोबा एकदा वैतागून म्हणाले, "अहो बाई, रंग ठरवायचाय, राज्य नाही वाटून घ्यायचं!" त्यावर ती म्हणाली, "मग तुम्हाला हिरवा नको असताना तुम्ही हात का वर केलात, आजोबा?" आजोबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

तिच्या वर्गातली पोरं मॉनिटर निवडतात तीही बाकावर डोकी टेकवून, डोळे मिटून. एखादं कार्टं बोटांच्या फटीतून बघतंच, आणि बघितलं की बाईंचा खडू बरोबर त्याच्या डोक्यात बसतो. लोक म्हणतात, बाईंना वेड आहे. असेल. पण वेडसुद्धा उगीच लागत नाही, त्यालाही काहीतरी घडावं लागतं.

कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. वडिलांचं कपडे शिवायचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. पुढे बाबांचं मशीन, त्याला लागून आईचं, आणि सकाळी दुकान उघडलं की अंधार पडेपर्यंत दोन्हींचा खडखडाट. त्या घरात आवाज चढवल्याशिवाय प्यायला पाणी मिळत नसे. त्यामुळे धाकटीचा गळा असा तयार झाला, की कॉलेजच्या फाटकाशी ती मैत्रिणीला हाक मारायची आणि पलीकडच्या बसथांब्यावरची माणसं वळून बघायची. जीभही तशीच. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर कापून त्याच्या हातात द्यायची. तेव्हा हे नाव कुणी ठेवलं ते विचारायची गरजच नाही, कुणीही ठेवलं असतं.

थोरली बहीण मात्र अगदी उलट. तिला सगळे ताई म्हणत, बाबासुद्धा. ताई बोलायची ती मशीन थांबलं की, आणि मशीन थांबायचं क्वचित. तिचं लग्न ठरलं तो दिवस कात्रीला चांगला आठवतो. पाहुणे आले होते, काका-काकू आले होते, दुकानातल्या स्टुलांवर, कापडाच्या गठ्ठ्यांवर, जिथं जागा मिळेल तिथं माणसं बसली होती. काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय ताईसाहेब, पसंत आहे ना?" खोलीतले सगळे डोळे ताईवर. ताईनं मान डोलावली. एकच आनंद झाला. शाळकरी कात्रीनं तर उड्या मारल्या. बाबा पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत, "आमच्याकडे जबरदस्ती नाही हो. पोरीला विचारून ठरवलं, सगळ्यांसमोर विचारलं."

कॉलेजात गेल्यावर कात्री विद्यार्थी संघटनेत गेली ती दादामुळे. तिला फाटकाशी ओरडताना ऐकून तो म्हणाला होता, "चला, आता भोंगा भाड्यानं आणायला नको." दादा संघटनेचा अध्यक्ष. कितव्या वर्गात आहे हे बहुधा त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. पण माणूस लाखात एक, हे कबूल करायला हवं. वसतिगृहाचं पाणी बंद झालं तेव्हा प्राचार्यांच्या दारात बादली पालथी घालून तिच्यावर बसणारा तोच. कुणाचे वडील दवाखान्यात असले तर बाहेरच्या बाकावर रात्र काढणारा तोच. कात्रीला सभेत उभं राहायला त्यानंच शिकवलं. "ओरडू नकोस, बोल. ओरडणाऱ्याला लोक बघतात, बोलणाऱ्याला ऐकतात." हे ती आजही वर्गात सांगते.

संघटनेची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. खाली दिवसभर हातोडी, वर दिवसभर भाषणं. खोलीत हात असलेली खुर्ची एकच, ती अध्यक्षाची. बाकीचे सतरंजीवर. दरवर्षी परीक्षेआधी समितीची आणि अध्यक्षाची निवड व्हायची, आणि ती कशी व्हायची ते सांगते. कुणीतरी नाव पुकारायचं, कुणीतरी "हात वर" म्हणायचं. हात वर करणारा उमेदवाराकडे बघायचाच नाही, तो बघायचा दादाकडे. आणि दादा बघायचा हातांकडे. कुणाचा हात झटकन गेला, कुणाचा रेंगाळला, हे त्याला न बघितल्यासारखं करून बरोबर कळायचं. रेंगाळणाऱ्यांच्या वाट्याला मग वर्षभर खळीची बादली आणि पोस्टरं चिकटवणं. दादा रागवायचा नाही हं, कधीच नाही. नुसतं म्हणायचा, "तू पोस्टरं छान लावतोस रे."

दादाच्या विरोधात दरवर्षी एकच जण उभा राहायचा. कमी बोलायचा म्हणून त्याला मौनीबाबा म्हणत. हडकुळा, खिशात कायम स्क्रूड्रायव्हर, कारण वसतिगृहातले निम्मे पंखे यानंच चालू ठेवलेले. त्याला दरवर्षी एक मत पडायचं, स्वतःचं. हात वर करून तो शांतपणे मागे वळून बघायचा, कुणी आहे का म्हणून, आणि खाली बसायचा. लोक हसायचे. कात्रीही हसायची, इतरांपेक्षा मोठ्यानं.

शेवटी एकदाची दादाला नोकरी लागली. त्यानं जाहीर केलं, "माझ्यानंतर कात्री." संपलं. कोण बोलणार! कात्रीच्या आनंदाला काही सुमार राहिला नाही. त्या खुर्चीवर बसायचं हे ती संघटनेत आल्यापासून मनात धरून होती. खोलीत कुणी नसलं की हळूच बसूनही बघायची, हे मौनीबाबानं एकदा पाहिलं होतं आणि तो कुणाला बोलला नव्हता.

आणि मग एका पहिल्या वर्षाच्या पोरीनं घात केला. बिचारी भल्याच मनानं बोलली. जिन्यावर भेटली आणि म्हणाली, "तुम्ही अजिबात काळजी करू नका हं. हात तर आम्ही सगळे वर करणारच. न करून सांगतोय कुणाला!"

कात्री हसली आणि दोन पायऱ्या उतरून थांबली. शिवताना कापडात राहून गेलेली टाचणी अंगाला लागावी, तसं ते वाक्य तिला लागलं. घरी गेली, जेवायला बसली, तरी ते टोचतच होतं. आपण लोकांना हव्या आहोत का? दादाला हव्या आहोत हे कळलं. पण लोकांना? या पद्धतीनं आपल्याला ते जन्मात कळायचं नाही. सगळे हात वर जातील, टाळ्या पडतील, आपण खुर्चीवर बसू, आणि समोरच्या प्रत्येक चेहऱ्याकडे बघताना मनात येत राहील, हा खरंच का? तिला खुर्ची हवी होती, नाही असं नाही. पण ती दिलेली हवी होती, ढकललेली नको होती.

दुसऱ्या दिवशी तिनं दादाला गाठलं. "अध्यक्षाची निवड गुप्त मतदानानं करू या."

दादा हसला. "अगं, तूच येणार आहेस."

"मग काय बिघडतं?"

"बिघडत काहीच नाही. पण आपली माणसं आहेत ही. आपल्या माणसांपासून लपवायचं काय?"

"आपल्या माणसांपासूनच लपवायला लागतं, दादा. परक्यांना कोण घाबरतंय?"

दादानं हात झटकला. "बरं बाई. तुझी हौस आहे ना, कर. पण नियम बदलायचा तर बैठकीत मंजूर करून घे."

बैठक झाली आणि तिथं जे झालं ते कात्री अजूनही हसत हसत सांगते, पण हसताना तिचे कान लाल होतात. ठराव मांडला. सगळे दादाकडे बघायला लागले. दादानं मोठ्या मनानं आपला हात वर केला, आणि त्याबरोबर सटासट सगळे हात वर! यापुढे मत गुप्त असावं, हे उघड्या हातांनी, दादाचा चेहरा बघत बघत मंजूर झालं. फक्त मौनीबाबाचा हात खाली.

"तुझा विरोध आहे?" कात्री चिडली. "तुझाच फायदा आहे याच्यात!"

"विरोध नाही," तो म्हणाला. "दादानं केला म्हणून हात वर करणं मी केव्हाच सोडलंय. पेटी आणशील तेव्हा टाकीन मत."

आता पेटी कशी करायची हा प्रश्न. चिठ्ठ्या चालणार नव्हत्या. वर्षानुवर्षं एका बादलीतली खळी आणि एका डब्यातले रंग वापरून पोस्टरं लिहिणारी माणसं ती. कुणाचं अक्षर कसं, कुणाची रेघ कुठं वाकडी जाते, हे सगळ्यांना पाठ. नुसती फुली मारली तरी तिचा मालक ओळखला असता. मग कात्रीला सुचलं, बटणं! घरात बटणांना काय तोटा? प्रत्येकाला दोन बटणं द्यायची, एक पितळी, एक पांढरं. पडद्यामागे जायचं, जो उमेदवार हवा त्याचं बटण डब्यात टाकायचं आणि उरलेलं मुठीत झाकून बाहेर आणून कापडी पिशवीत टाकायचं. ना अक्षर, ना शाई. पितळी कोटाची बटणं तिनं स्वतःसाठी घेतली आणि सदऱ्याची पांढरी मौनीबाबाला दिली. का, ते तिनं स्वतःला विचारलं नाही. पितळी चमकतात म्हणून असेल, दुसरं काय.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. झाकणाला बाबांनी फट पाडून दिली. पडदा दुकानातलाच, कपडे घालून बघायच्या कोपऱ्यावरचा. तिनं घरी बटणं टाकून पाहिली, संघटनेच्या खोलीत टाकून पाहिली. सगळं झकास.

मतदानाच्या दिवशी सायकलवाल्याची सुट्टी होती.

पहिला गडी पडद्यामागे गेला. खोलीत चिडीचूप. आणि ठण्ण!

कात्रीला आधी कळलंच नाही काय झालं. दुसरा गेला. ठण्ण! तिसरी गेली, ती जिन्यावरची पहिल्या वर्षाची पोरगी. थोडा वेळ काहीच नाही. मग टिक्.

सगळ्या माना वळल्या. पोरगी पडदा सारून बाहेर आली ती चेहरा पांढराफटक करून, मूठ छातीशी धरून. खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं त्या मुठीत काय उरलंय.

अरे देवा, असं कात्रीला झालं. पितळेचा आवाज वेगळा आणि प्लॅस्टिकचा वेगळा, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण जन्मल्यापासून दोन मशीनच्या खडखडाटात वाढलेल्या मुलीला बटण पडल्याचा आवाज येतो हेच माहीत नव्हतं. घरी मशीन चालू होती, इथं खाली हातोडी चालू होती. शांततेत तिनं आयुष्यात कधी बटण टाकलंच नव्हतं.

पुढचा गेला. ठण्ण. मग ठण्ण. मग ठण्ण. आता तर जाणारा मुद्दाम जोरात टाकत होता, ऐकू जावं म्हणून. खुर्चीत दादा मांडीवर बोटांनी ताल धरून होता. कुणी काही बोलेना. कशाला बोलतील? नियमाप्रमाणे सगळं चाललं होतं, पडदा होता, पेटी होती, नवी पद्धत होती. कात्रीनं नुसतं गप्प बसायचं होतं, की झाली अध्यक्ष. गप्प बैस, तिनं स्वतःला बजावलं. एकदा गप्प बैस, आयुष्यभर बोलत आलीस. समोर ती पोरगी कोपऱ्यात जाऊन बसली होती आणि वर बघत नव्हती.

"थांबा!" कात्री ओरडली. बोलली नाही, ओरडलीच. "हे रद्द."

"रद्द काय, बैस खाली," दादा म्हणाला.

"सगळं ऐकू येतंय, दादा."

"येऊ दे की!"

तिनं झाकण काढून डबा सगळ्यांदेखत पिशवीत रिकामा केला, ठणठण करत. गळ्यातला स्कार्फ काढला, घडी घालून डब्याच्या तळाशी आणि कडेनं नीट दाबून बसवला. वरून एक पितळी बटण टाकलं आणि कान लावला. एक पांढरं टाकलं. काही नाही. ती दोन्ही काढून घेतली, सगळ्यांना परत दोन दोन बटणं वाटली आणि म्हणाली, "पहिल्यापासून."

या वेळी पडद्यामागून काहीच ऐकू आलं नाही. माणूस जाई, येई, चेहऱ्यावर काही नाही. दादानं ताल धरणं सोडलं. ती पोरगी गेली, आली, आणि आल्यावर तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं.

डबा सतरंजीवर उपडा केला तेव्हा मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं. पांढरी बटणं जास्त होती. थोडीथोडकी नाही, पुष्कळ.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कारण टाळ्या कुणाकडे बघून वाजवायच्या हे कुणाला ठरवता येईना. मौनीबाबा नेहमीच्या सवयीनं मागे वळून बघत होता. या वेळी मागे कुणी आहे की नाही हे त्याला दिसणार नव्हतं, पण होते खरे. त्याचे डोळे भरून आले. तो कात्रीपाशी आला आणि म्हणाला, "स्कार्फ धुऊन देतो."

दादा जिन्यापर्यंत गेला, मग परत वळला. "वेडे, ठणठण वाजत होतं, ते तुला ऐकू येत नव्हतं?"

"ऐकू येत होतं म्हणूनच थांबवलं."

"मी इतकी वर्षं या पोरांसाठी..." तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. कात्रीनं त्याचं वाक्य कापलं नाही. पण त्यानंही ते पुरं केलं नाही. तिच्याशी तो पुढे कितीतरी महिने बोलला नाही, आणि याचं तिला हरण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी तिला सगळ्याचंच वाईट वाटत होतं. पिशवी घेऊन चालत घरी येताना ती एकेक चेहरा आठवून बघत होती. ही असेल? तो असेल? जिच्या डब्यातलं रोज खाल्लं ती मैत्रीण? रागवायचं तरी कुणावर? हात वर केले असते तर निदान शिव्या कुणाला घालायच्या ते कळलं असतं. आणि ही अक्कल आपल्याच डोक्यातून निघाली, या विचारानं ती रस्त्यात स्वतःशीच चरफडली. कळलं ना आता? लोकांना हवी आहेस का, हेच विचारायचं होतं ना? मिळालं उत्तर.

दुकानात शिरली तेव्हा आई मागे स्वयंपाकात होती. बाबा मशीनवर वाकले होते. ताई माहेरी आली होती, स्टुलावर बसून मुलाच्या शाळेच्या पँटची शिवण उसवत होती. बाबांनी मान वर न करता विचारलं, "पितळी बटणं आणलीस ना सगळी? कोटाचं काम आलंय."

तिनं पिशवी समोर ठेवली आणि ताईशेजारी जमिनीवर बसली. मशीन खडखडत होतं.

"काय झालं गं?" ताईनं विचारलं.

"हरले."

"अगं, पण सगळे तुझ्याच बाजूचे होते ना? हात..."

"हात नाहीत, ताई. पडद्याआड. एकेकटं जायचं, कुणी बघत नाही, बटण टाकायचं आणि यायचं. आधी सगळं ऐकू येत होतं तेव्हा एक सोडून सगळी मला. ऐकू येईनासं झालं तेव्हा त्याला." आणि मग तिला रडूच फुटलं. ताईच्या गुडघ्याला डोकं टेकून ती पोरासारखी रडली.

ताईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे नको असलं तर नको म्हणता येतं? आणि कोण म्हणालं ते कुणाला कळत नाही?"

"नाही कळत."

"कुण्णाला नाही?"

"नाही गं."

ताईनं उसवलेला दोरा ओढून काढला आणि बोटाला गुंडाळत राहिली. "मला विचारलं तेव्हा खोलीत सगळे होते," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही, हळूच, नेहमीसारखी, मशीनच्या आवाजाखाली बोलावं तशी.

आणि मशीन थांबलं.

कात्रीनं डोकं वर केलं. बाबांचा पाय तसाच मशीनच्या पायडलवर होता, हात कापडावर. त्यांनी वळून पाहिलं नाही. "तू मान डोलावली होतीस, बाळ," ते म्हणाले.

"हो बाबा," ताई म्हणाली. "डोलावली होती."

भावोजी काही वाईट माणूस नव्हते, ताईचा संसारही काही वाईट नव्हता, आणि हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. ताईनं पँट परत मांडीवर घेतली. कोटाचं काम घाईचं होतं, पण बाबांनी त्या संध्याकाळी मशीन पुन्हा चालू केलं नाही.